उचललेला ट्रक खाली आणताना

सहा इंच उचललेला जुना पिकअप विकत घेऊन तो मूळ उंचीवर आणायचा विचार असेल, तर किमतीची घासाघीस नंतर करा. आधी विचारा, काढलेले मूळ भाग कुठे आहेत? मला ट्रक विकणाऱ्याने तो दुसऱ्याकडून तसाच उचललेला घेतला होता. मूळ भाग कधीच भंगारात गेले होते. ‘खाली काय, केव्हाही घेता येतो,’ असं तो म्हणाला. येतो, पण कसा ते सांगण्यासाठी हे लिहितो आहे.

ट्रक २००४चा, शेव्हर्ले सिल्व्हराडो १५००, फोर-व्हील ड्राइव्ह. इकडे नॉर्थ कॅरोलायनात घराभोवतीच्या कामांना, माती-खडी आणायला असा ट्रक फार उपयोगी पडतो. इंजिन खणखणीत होतं. पण खाली ३५ इंची टायर आणि मागचं फळकं छातीइतकं उंच, त्यामुळे प्रत्येक पोतं तिथवर उचलायचं. आई भारतातून आली की गुडघे धरत त्यात चढायची, ते मला बघवत नव्हतं. शिवाय एवढ्या जड चाकांचा ताण बॉल जॉइंट, बेअरिंग आणि स्टीअरिंगच्या सांध्यांवर येतो. आधीच वीस वर्षं चाललेल्या गाडीला तो सोसत नाही.

उंची कुठून आली आहे, हे सगळ्यात आधी ओळखा. कधी फक्त बॉडी आणि चॅसीमध्ये ठोकळे घातलेले असतात. कधी पुढचे टॉर्शन बार जास्त पिळलेले असतात. या दोन्हींत परतीची वाट सोपी असते. सहा इंचांच्या किटचं तसं नाही. त्यात पुढचं अख्खं सस्पेन्शन नव्या क्रॉसमेंबरांवर खाली टांगतात, डिफरन्शियलही तेवढंच खाली उतरवतात आणि चाकाचा भार पेलणारे नकल बदलून उंच नकल बसवतात. खाली आलेल्या डिफरन्शियलला जागा हवी, म्हणून यातल्या बऱ्याच किटमध्ये चॅसीवरचं लोखंड कापावं लागतं.

म्हणून बॅटरी घेऊन गाडीखाली जा. ड्रायव्हरच्या बाजूला, खालचा कंट्रोल आर्म मागे जिथे बोल्टने अडकतो तो कप्पा बघा. माझ्या ट्रकमध्ये त्याची आतली कड ग्राइंडरने वेडीवाकडी कापलेली होती. रंगाचा हात नव्हता आणि गंजाचे पापुद्रे सुटत होते. मूळ आर्म पुन्हा तिथेच बसणार आणि ब्रेक मारला की पुढच्या चाकाचा जोर त्याच जागेवर येणार. तो कप्पा योग्य जाडीच्या पत्र्याने, चॅसीचं काम जाणणाऱ्या वेल्डरकडूनच भरून घ्यावा लागतो. हे काम नुसत्या पान्यांवर होत नाही. वेल्डरने आधी सगळं गंजलेलं लोखंड चकचकीत होईपर्यंत घासलं, मग मूळ क्रॉसमेंबर बोल्टने अडकवून भोकं जुळतात का ते पाहिलं आणि त्यानंतरच टाके मारले. या क्रमाने काम करणारा माणूस शोधा. दोन पैसे जास्त गेले तरी चालतील.

त्याआधी एका गॅरेजने मला स्वस्त उपाय सुचवला होता : मागच्या पाट्यांखालचे ठोकळे काढू, पुढचे टॉर्शन बार सैल करू, संध्याकाळी गाडी घेऊन जा. हा सल्ला तुम्हालाही मिळेल, तो मानू नका. टांगलेल्या सस्पेन्शनमध्ये बार सैल केले तर पुढचं तोंड थोडंसं खाली येतं आणि आर्म रबरी स्टॉपवर टेकतात. मग प्रत्येक खड्डा थेट चॅसीत जातो. मागचं मात्र पूर्ण खाली आलेलं असतं. म्हणजे नाक वर आणि शेपूट खाली, समोरचं लहान मूल दिसत नाही आणि दिव्यांचा झोत येणाऱ्याच्या डोळ्यांत. नॉर्थ कॅरोलायनात १ डिसेंबर २०२१पासून पुढचं फेंडर मागच्यापेक्षा चार इंच किंवा त्याहून जास्त उंच असणं बेकायदा आहे. तिकडे महाराष्ट्रात थार उचलणाऱ्या मित्रांनाही सांगतो, मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि जानेवारी २०१९चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल वाचून मगच गाडीला हात लावा.

मूळ भाग मी जंकयार्डमधून जमवले : दोन्ही नकल, क्रॉसमेंबर, डिफरन्शियलचे ब्रॅकेट, स्वे बारच्या लिंक, ब्रेक होज आणि एबीएसच्या तारा धरणारे छोटे ब्रॅकेट. हे छोटे ब्रॅकेट विसरतात आणि मग लांब केलेला होज सैल लोंबत टायरला घासत राहतो. भाग एकाच गाडीवरून, त्याच पिढीच्या फोर-व्हील ड्राइव्हवरून आणि बोल्टसकट काढून घ्या.

टॉर्शन बारबद्दल मात्र हात जोडून सांगतो. पिळलेल्या बारमध्ये प्रचंड जोर साठलेला असतो. त्यासाठी खास टूल मिळतं, बऱ्याच दुकानांतून ते भाड्यानेही मिळतं. साध्या पुलरने काम भागवायला गेलात आणि तो निसटला तर हाड मोडेल, जीवही जाईल. चाकं अधांतरी आणि चॅसी भक्कम स्टँडवर, तोंड बाजूला ठेवून काम करायचं. डावा आणि उजवा बार वेगळा असतो, टोकावर खूण असते, त्यांची अदलाबदल करायची नाही.

मागचं काम त्यामानाने सोपं. पाटे आणि ॲक्सल यांच्यामधला ठोकळा काढायचा, पाट्यांची सेंटर पिन ॲक्सलच्या भोकात नीट बसवायची. यू-बोल्ट मात्र नवेच घ्या. जुने एकदा ताणले गेलेले असतात आणि ठोकळ्यासाठीचे लांब बोल्ट आटे संपल्यामुळे पुरते आवळलेही जात नाहीत. ठोकळा उतरता असेल तर तो काढल्यावर प्रोपेलर शाफ्टचा कोन बदलतो, तोही तपासून घ्या. रबरी बुश असलेले बोल्ट, पुढचे काय आणि मागचे काय, गाडी स्वतःच्या वजनावर उभी असतानाच शेवटचे आवळा. चाकं लोंबकळत असताना आवळलात तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.

उंची फेंडरवरून मोजू नका, टायर बदलला की ते माप फसवतं. जनरल मोटर्स पुढच्या बाजूला ‘झेड हाइट’ पाहते. त्यात खालच्या आर्मच्या मुळाशी असलेला बोल्ट आणि चाकाकडचा नकलचा खालचा भाग यांच्यातला उभा फरक मोजतात. गाडी पुढेमागे हलवून, दाबून बसवून, दोन्ही बाजूंना हे माप जुळवायचं आणि मगच अलाइनमेंटला न्यायची. अलाइनमेंट आधी करून नंतर उंची बदललीत तर ते पैसे वाया गेले.

टायर मूळ मापाचे, २६५/७५ आर १६ घेतले. त्यांचा व्यास साधारण साडेएकतीस इंच. आधीच्या मालकाने कॉम्प्युटर ३५ इंचांसाठी बदलून ठेवला होता, त्यामुळे गाडी साठच्या वेगाने धावत असताना काटा सहासष्ट दाखवू लागला. तो परत जुळवून घ्यावा लागतो, नाहीतर ओडोमीटरही जास्त मोजत राहतो आणि ऑटोमॅटिकचे गिअर भलत्या वेळी बदलतात. डिफरन्शियलचे गिअरही कुणी बदलले होते का, हे पाहा. ग्लव्ह बॉक्समधल्या स्टिकरवर ‘जीटी४’ असेल तर कारखान्यातून ३.७३चं गुणोत्तर आलं होतं. पण स्टिकर फक्त मूळची गोष्ट सांगतो. खात्री करायची तर दोन्ही मागची चाकं उचलून एकाच दिशेने एक पूर्ण फेरा फिरवा आणि शाफ्ट किती वेळा फिरतो ते मोजा. पावणेचारच्या आसपास आलं तर गिअर मूळचेच आहेत.

शेवटी हेडलाइट. उंच असताना ते खाली झुकवलेले असतात, त्यामुळे गाडी उतरवल्यावर उजेड बंपरपुढेच पडतो. सपाट जागेवर भिंतीसमोर गाडी उभी करून तो पुन्हा बसवा. आणि थोडं चालवल्यावर यू-बोल्ट टॉर्क रेंचने एकदा परत तपासा. माझा मागचा डावा थोडा फिरला होता.