मॅक्रो लावून उठून जाऊ नकोस

बेटा, सोमवारपासून तू जिनिंगच्या ऑफिसात बसणार. तिथलं काट्याचं सॉफ्टवेअर जुनं आहे. कापसाचा हंगाम लागला की काटापट्ट्यांचा ढीग पडतो आणि प्रत्येक पट्टीला तेच करावं लागतं: खातेदार, गाडी नंबर, भरलं वजन, रिकामं वजन, भाव, सेव्ह. दोन दिवसांत कुणीतरी तुला सांगेलच, "हाताने काय मारत बसतेस, मॅक्रो लाव." लाव. मी नको म्हणणार नाही. तोच टॅब आणि तोच एंटर दिवसभर मारून मनगट दुखवून घेण्यात काही पुण्य नाही. फक्त मामाचं थोडं ऐकून घे.

मॅक्रो रेकॉर्डर तुझे हात टिपतो, डोळे टिपत नाही. कोणतं बटण दाबलं, कधी सोडलं, माऊस पडद्यावर कुठे होता, मध्ये किती वेळ गेला, एवढंच त्याच्या फाइलीत असतं. एंटर मारण्याआधी तू नाव वाचलंस, आकडा विचित्र वाटला म्हणून थबकलीस, पट्टी पुन्हा उजेडात धरून पाहिलीस, त्यातलं काहीच त्यात नसतं. म्हणून मॅक्रो करायचा म्हणजे आपले डोळे कुठे कुठे लागत होते ते आधी शोधायचं.

खातेदार निवडण्याचंच बघ. आपल्याकडे पाडवी, वळवी, वसावे, पाटील, चौधरी या आडनावांनी यादी भरलेली असते, आणि नाव-आडनाव दोन्ही सारखं असलेले खातेदारही निघतात. समज, तू रेकॉर्ड करताना "पाडवी" टाइप केलंस, यादी उघडली, बाण दोनदा खाली, एंटर. मॅक्रोने लक्षात ठेवलं ते "दोनदा खाली". माणूस त्याच्या लक्षात नाही. उद्या सकाळी त्याच आडनावाचा एक नवा खातेदार वर चढला की दोनदा खाली म्हणजे भलताच माणूस. पट्टी सेव्ह होते, कुठे लाल अक्षर येत नाही, आणि एका घरचा कापूस दुसऱ्याच्या खात्यावर जातो. ज्याचा गेला तो पैसे घ्यायला येईपर्यंत हे कुणाला कळतही नाही. म्हणून मॅक्रोत खातेदार नेहमी नंबरनेच निवडायचा. यादीतल्या जागेवर कधीही भरवसा ठेवू नकोस. नंबर टाकल्यावर पडद्यावर आलेलं नाव तू वाचायचं आणि पुढचं बटण तुझ्या हाताने दाबायचं. मॅक्रोचे दोन तुकडे कर, मधली जागा तुझी.

हे दुखणं आजचं नाही. विंडोज 3.1 मध्ये, म्हणजे 1992 साली, रेकॉर्डर नावाचा छोटा प्रोग्रॅम सोबतच मिळायचा. माऊसची जागा पडद्यापासून मोजायची की खिडकीपासून, आणि परत चालवताना वेग भरधाव ठेवायचा की रेकॉर्ड केला तितकाच, असे पर्याय त्यात तेव्हाही होते. विंडोज 95 मध्ये तो काढून टाकला. पण प्रश्न तेच राहिले, आणि तुझ्या टेबलावरही तेच येतील.

माऊस शक्यतो टाळ. माऊसचा क्लिक म्हणजे पडद्यावरचे दोन आकडे, आडवा आणि उभा. मॉनिटर बदलला, कुणी अक्षरं मोठी केली, खिडकी जरा सरकली, की क्लिक भलतीकडे पडतो. टॅब, एंटर, ऑल्टबरोबरचं अक्षर, फंक्शन की यांनी जे होतं ते त्यांनीच कर. माऊस लागलाच तर खिडकी पूर्ण मोठी करून घे आणि जागा खिडकीपासून मोजायला लाव.

वेळेचंही तसंच. "दोन सेकंद थांब" असं मॅक्रोला सांगणं धोक्याचं. सकाळी दोन सेकंद पुरतात. दुपारी सर्व्हर दमला, अँटिव्हायरसची तपासणी सुरू झाली, की पुरत नाहीत, आणि वजनाचा आकडा भावाच्या रकान्यात जाऊन बसतो. ऑटोहॉटकीसारख्या साधनात "अमुक नावाची खिडकी समोर येईपर्यंत थांब" असं सांगता येतं. तेच वापर. ती खिडकी ठरलेल्या वेळात आली नाही तर मॅक्रोने पुढे न जाता बंद पडावं, हेही त्यातच लिही.

आता मराठीचा मुद्दा, जो बाहेरचं कुणी तुला सांगणार नाही. इनस्क्रिप्टमध्ये "शहादा" लिहायला आपण शिफ्ट धरून एम, मग यू, ई, ओ, ई दाबतो. कित्येक रेकॉर्डर अक्षर न टिपता बटण टिपतात. परत चालवताना कीबोर्ड इंग्रजीवर असला तर गावाच्या रकान्यात "एमयूईओई" अशी इंग्रजी अक्षरं उमटतात. उलट झालं तर गाडी नंबरातली अक्षरं देवनागरीत येतात. म्हणून भाषा कोणती आहे ते मॅक्रो सुरू करण्याआधी खाली उजव्या कोपऱ्यात बघ, कॅप्स लॉक आणि नम लॉकही बघ. साधनात थेट युनिकोड मजकूर पाठवायची सोय असली तर गावाची नावं तशीच पाठव, कीबोर्डचा प्रश्नच उरत नाही.

मॅक्रो मध्येच तुटला आणि नंतर प्रत्येक अक्षर काहीतरी वेगळंच करायला लागलं तर घाबरू नकोस. कंट्रोल किंवा शिफ्ट "दाबलं" ते गेलं आणि "सोडलं" ते जायचं राहिलं. दोन्ही बाजूंचे कंट्रोल, शिफ्ट, ऑल्ट एकेकदा दाबून सोड, मोकळे होतात.

आणि मॅक्रो चालतोय पण एका खिडकीत काहीच उमटत नाही असं झालं, तर ते सॉफ्टवेअर ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलंय का ते बघ. विंडोज व्हिस्टापासून साध्या प्रोग्रॅमला तशा खिडकीत बटणं पाठवता येत नाहीत. पडदा लॉक झाला तरी हेच होतं.

एक्सेलचा मॅक्रो निराळा. तो बटणं टिपत नाही, तू दिलेल्या आज्ञा टिपतो, म्हणून जास्त भरवशाचा. तिथे दोन गोष्टी सांभाळ. रेकॉर्ड करण्याआधी "यूज रिलेटिव्ह रेफरन्सेस" चालू कर, नाहीतर तो दर वेळी त्याच ओळीवर जाऊन लिहील. आणि मॅक्रोने शीटमध्ये बदल केले की कंट्रोल-झेडने मागे जाता येत नाही. आधी फाइलची कॉपी, मग मॅक्रो.

खरं तर मॅक्रोच्याही आधी विचारायचं की माहिती थेट आत घ्यायची काही वाट आहे का. टॅलीत एक्सएमएल फाइल घेता येते. अशी वाट असली तर बटणांच्या नादाला लागूच नकोस. मॅक्रो त्या जुन्या सॉफ्टवेअरसाठी, ज्याला दुसरं दारच नाही.

पासवर्ड मॅक्रोत कधीच घालायचा नाही. फाइल उघडली की तो बहुतेक वेळा जसाच्या तसा वाचता येतो. ओटीपी आणि कॅप्चा यांनाही हात लावायचा नाही, समोर योग्य माणूस आहे का हे बघायला ओटीपी असतो आणि माणूसच आहे का हे बघायला कॅप्चा. कुणी तत्काळ तिकिटांचं सॉफ्टवेअर चालवायला सांगितलं तर सरळ नाही म्हण. परवानगीशिवाय तिकिटांचा धंदा हा रेल्वे कायद्याच्या कलम 143 खाली गुन्हा आहे. तुझ्यासमोर कुणी ऑफिसच्या संगणकावर चोरून बटणं टिपणारा प्रोग्रॅम टाकला तर मालकाला त्याच दिवशी सांग.

आणि माणसाच्या नावाची, जन्मतारखेची नोंद मॅक्रोवर कधीच सोडू नकोस. देशातले पहिले आधार क्रमांक आपल्याच जिल्ह्यातल्या टेंभलीत 29 सप्टेंबर 2010 रोजी दिले गेले. तेव्हापासून नावातली एक वेलांटी चुकली म्हणून रेशनला, बँकेत, शाळेत चकरा मारणारी माणसं मी बघत आलोय. डोंगरातून एक दिवसाची मजुरी बुडवून माणूस शहाद्याला येतो आणि "नाव जुळत नाही" ऐकून परत जातो. आपण वाचवलेल्या चार सेकंदांची ती किंमत असेल तर मला ती मान्य नाही.

पहिल्या दिवशी मॅक्रो खोट्या खात्यावर चालव, तीन पट्ट्या, तेवढ्याच. बंद करायचं बटण आधी ठरव, एस्केप ठेवलंस तर उत्तम, आणि ते खरंच थांबवतं का हे चालू मॅक्रोवर दाबून बघ. मग दहा-दहाच्या गठ्ठ्यांनी जा. प्रत्येक गठ्ठ्याच्या निव्वळ वजनाची कागदावरची बेरीज आधीच करून ठेव आणि पडद्यावरच्या बेरजेशी ताड. जुळली नाही तर पुढचा गठ्ठा घ्यायचा नाही, आधी त्या दहा पट्ट्या एकेक करून बघायच्या. आणि बेरीज जुळली तरी खातेदारांची नावं एकदा वरून खाली वाचून काढ, कारण कापूस भलत्याच्या खात्यावर गेला तरी बेरीज जुळतेच.