‘ब्रिलियंट’ : एका शब्दाचा प्रवास आणि आपल्या वहीवरचा शेरा



मागच्या सत्रातली पालकसभा संपली, सगळे निघून गेले, पण एक वडील मागे थांबले. म्हणाले, “सर, पोरगी पाचवीपर्यंत ब्रिलियंट होती हो. आता सातवीत काय झालंय कळत नाही. अवघड गणित आलं की वहीच मिटून ठेवते.” दुसऱ्या दिवशी मी तिला पाचवीची वही आणायला सांगितली. तेव्हाही गणित मीच शिकवत होतो. वहीत नऊ ठिकाणी लाल पेनाने ‘ब्रिलियंट!’ लिहिलं होतं. अक्षर माझंच. पण तिने नेमकं काय चांगलं केलं, हे एकदाही लिहिलं नव्हतं.

म्हणून म्हटलं, हा शब्द एकदा नीट तपासून पाहू. तुम्हीही पाहा. आठवी ते दहावीच्या मुलांना ही माहिती सांगितली तर एक छान तास होतो.

शब्द आला कुठून?

‘ब्रिलियंट’ हा शब्द इंग्रजीत १७ व्या शतकाच्या अखेरीस फ्रेंचमधून आला. फ्रेंचमध्ये ‘ब्रिये’ म्हणजे चमकणे, आणि ‘ब्रियां’ म्हणजे चमकणारा. फ्रेंचांनी तो घेतला इटालियन ‘ब्रिल्लारे’वरून. त्याच्याही मागे अनेक कोशकार एका रत्नाचं नाव दाखवतात : बेरिल. हा शेवटचा दुवा कोशांत ‘बहुधा’ असा शब्द घालूनच दिलेला असतो, तेव्हा मुलांनाही तसाच सांगावा.

बेरिलच्या पुढचा धागा मात्र थेट आपल्याकडे येतो. लॅटिन ‘बेरिलस’, ग्रीक ‘बेरुल्लोस’, आणि त्याचं मूळ आपल्या प्राकृतातलं ‘वेरुलिय’ किंवा ‘वेळुरिय’. संस्कृतात तेच ‘वैदूर्य’. पाणिनीने हा शब्द ‘विदूर’ या स्थळनामावरून साधला आहे. पहिल्या शतकातला रोमन लेखक प्लिनी लिहितो, की बेरिल भारतात मिळतात, इतरत्र क्वचितच. आजच्या तमिळनाडूतल्या कोइमतूर परिसरात त्यांच्या खाणी होत्या. आज आपण नवरत्नांत वैदूर्य म्हणतो ते लसण्याला. जुन्या काळी हेच नाव बेरिललाही होतं. पाचू आणि ॲक्वामरीन ही बेरिलचीच भावंडं.

गंमत म्हणजे जर्मन भाषेत चष्म्याला ‘ब्रिले’ म्हणतात, तेही याच बेरिलवरून. पूर्वी पारदर्शक बेरिल घासून भिंगं बनवत, म्हणून. म्हणजे एकाच दगडाच्या नावातून एका भाषेला चष्मा मिळाला आणि दुसऱ्या भाषेला (बहुधा) शाबासकी!

दगडावरून माणसावर

आता अर्थ कसा सरकला ते पाहू. फळ्यावर पायऱ्या काढून दाखवता येईल.

१) सुरुवातीला अर्थ अगदी साधा होता : चकाकणारा, लखलखणारा.

२) त्याच सुमारास तो नाम झाला. विशिष्ट पद्धतीने पैलू पाडलेल्या हिऱ्यालाच ‘ब्रिलियंट’ म्हणू लागले. जवाहिरे आजही ‘ब्रिलियंट कट’ म्हणतात.

३) पुढे तो माणसाच्या कामाला लागला : लखलखीत भाषण, लखलखीत विजय.

४) मग कामावरून माणसावर आला. ‘ब्रिलियंट भाषण’ करणारा स्वतःच ‘ब्रिलियंट’ झाला.

५) आज इंग्लंडमध्ये कोणी “मी पाच वाजता येतो” म्हणालं, तरी समोरचा “ब्रिलियंट!” म्हणतो. म्हणजे नुसतं ‘बरं, छान’.

चौथ्या पायरीवर जरा थांबा. तिथे एक गोष्ट गळून पडली. दगडाबद्दल बोलताना सगळ्यांना माहीत होतं की प्रकाश बाहेरून येतो आणि चमक पैलूंमुळे दिसते. माणसाला तोच शब्द लावल्यावर वाटायला लागलं, की चमक याच्या आतच आहे, जन्मापासून. असेल तर आहे, नसेल तर नाही.

चमक नेमकी कशामुळे?

हे विज्ञानाच्या तासालाही घेता येईल. हिऱ्याचा अपवर्तनांक सुमारे २.४२, साध्या काचेचा सुमारे १.५. त्यामुळे हिऱ्याचा क्रांतिक कोन अवघा २४ अंशांच्या आसपास. आत शिरलेला प्रकाश सहजासहजी बाहेर पडत नाही, आतल्या आत परावर्तित होतो. पण तो फिरून पाहणाऱ्याच्या डोळ्याकडे परत यायला हवा असेल, तर पैलूंचे कोन बरोबर लागतात. मार्सेल टॉल्कोव्स्की याने १९१९ साली हे कोन गणिताने मांडले. आजच्या गोल ब्रिलियंट हिऱ्याला ५७ पैलू असतात, आणि खालचं टोक सपाट केलं तर ५८. खाणीतून निघालेला हिरा हातात दिला, तर आपल्यातले बरेच जण तो खडा म्हणून टाकून देतील.

म्हणजे तीन गोष्टी लागतात : दगड, पैलू आणि प्रकाश. ‘तू ब्रिलियंट आहेस’ म्हणताना आपण फक्त दगडाचं कौतुक करतो.

कोहिनूरची गोष्ट

पण म्हणून मुलांना घासत सुटा, असं मला म्हणायचं नाही. कोहिनूरचं काय झालं ते ऐका.

१८४९ साली पंजाब इंग्रजांच्या ताब्यात गेला आणि कोहिनूर राणी व्हिक्टोरियाकडे. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात तो ठेवला, तेव्हा लोक गर्दी करून आले आणि हिरमुसले. हिरा चमकतच नव्हता! भोवती गॅसचे दिवे लावून पाहिले, तरी समाधान होईना. आपल्याकडचे कारागीर दगडाचं वजन राखून पैलू पाडत. युरोपला लखलखाट हवा होता. १८५२ मध्ये ॲमस्टरडॅमहून कारागीर बोलावून तो ब्रिलियंट पद्धतीने पुन्हा कापला. काम ३८ दिवस चाललं. सुमारे १९१ कॅरटचा हिरा १०५.६ कॅरट उरला. साधारण ४५ टक्के दगड गेला.

चमक आली, पण कुणाच्या हौसेसाठी? आणि किती किमतीला? शिष्यवृत्ती, ऑलिम्पियाड, मग दहावी, मग कोटा किंवा लातूर… मुलाचं खेळणं, चित्र काढणं, नुसतं मातीत बसणं यातलं किती आपण छाटून टाकतो, याचा हिशोब पालकांनी आणि आपणही कधीतरी मांडावा.

मराठी काय म्हणते?

आपल्या भाषेत या गोष्टी फार चांगल्या सांगून ठेवल्या आहेत. ‘हुशार’ हा शब्द फारसी ‘होशियार’वरून आला. मूळ अर्थ शुद्धीवर असलेला, सावध. म्हणजे हुशारी ही लक्ष देण्याची गोष्ट, आणि लक्ष द्यायला शिकवता येतं. आपण ‘पैलू पाडणे’ म्हणतो, ‘अष्टपैलू’ म्हणतो. एकाच बाजूने चमकणाऱ्याला कोणी अष्टपैलू म्हणत नाही. आणि नुसत्याच चमकण्याला आपल्याकडे ‘चमकोगिरी’ असा रोकडा शब्द आहे!

वर्गात आणि घरी काय करता येईल?

१९९८ साली क्लॉडिया म्युलर आणि कॅरॉल ड्वेक यांनी अमेरिकेत पाचवीच्या मुलांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. काही मुलांना सांगितलं ‘तू हुशार आहेस’, काहींना सांगितलं ‘तू मेहनत घेतलीस’. ‘हुशार’ म्हटलेल्या मुलांचा कल पुढे सोप्या, हमखास जमणाऱ्या कामाकडे जास्त दिसला. त्यांच्यातल्या बऱ्याच जणांनी आपले गुण वाढवूनही सांगितले. हुशारीचा शिक्का जाऊ नये म्हणून! माझ्या विद्यार्थिनीची मिटलेली वही मला तेव्हा कळली.

मी स्वतः सुरू केलेल्या गोष्टी अशा :

• शेऱ्यात पैलूचं नाव लिहायचं. ‘ब्रिलियंट’ऐवजी ‘तिसऱ्या पायरीवर चूक स्वतः शोधलीस’. वेळ लागतो. म्हणून रोज फक्त पाच वह्यांवर असा शेरा लिहितो.

• जुन्या झुंबराचा काचेचा लोलक आणि खिडकीच्या काचेचा तुकडा (कडांना चिकटपट्टी लावून) घ्यायचा. अंधाऱ्या खोलीत दोन्हींवर टॉर्च मारायचा. मग मुलांनाच विचारायचं, फरक कशामुळे?

• शब्दाचा प्रवास जगाच्या नकाशावर दोऱ्याने दाखवायचा : तमिळनाडू, ग्रीस, रोम, पॅरिस, लंडन. आणि दोरा परत आपल्या शाळेपर्यंत आणायचा.

• पालकांनी घरी “किती पडले?” याआधी “आज कुठे अडलास?” एवढंच विचारून पाहावं.

त्या मुलीचं काय झालं, असं तुम्ही विचाराल. चमत्कार वगैरे काही झाला नाही. तिच्या वडिलांना मी त्या नऊ शेऱ्यांबद्दल खरं खरं सांगितलं. तिच्याशी ठरवलं, की अवघड गणित सोडून द्यायचं असेल तर द्यायचं, पण जिथे अडलं तिथपर्यंतचं खोडायचं नाही. गेल्या आठवड्यात तिने अर्धवट सोडवलेलं उदाहरण घेऊन वही पुढे केली. म्हणाली, “सर, इथपर्यंत आलंय. पुढे काय ते कळेना.”

मी शेरा लिहिला : ‘कुठे अडलं ते बरोबर सांगितलंस. उद्या मधल्या सुट्टीत ये, पुढचं मिळून पाहू.’