सर्वांत हुशार कुत्रा कोणता?

भीमा नदीवरील उजनी धरण १९८० साली पुरे झाले. त्याच्या पाण्यावर करमाळा तालुक्यातील केतूर, कुगाव, चिखलठाण या गावांच्या शिवारात ऊस आणि केळी उभी राहिली. तेथील वस्त्यांवर हिंडलात तर अनेक तऱ्हेचे कुत्रे दिसतील. एखाद्या बंगल्यासमोर उभ्या कानांचा अल्सेशियन साखळीला बांधलेला असतो. शेजारच्या झोपडीपुढे गावठी कुत्रा पडलेला असतो. माळावर धनगराच्या मेंढरांबरोबर राखणीचा कुत्रा चालत असतो, तर कोठे लांबट तोंडाचा, सडपातळ कारवानी दिसतो. यांतील सर्वांत हुशार कोण? मालकांना विचाराल तर प्रत्येक जण आपल्याच कुत्र्याचे नाव घेईल. तेव्हा हा प्रश्न मोजमापाने सोडवला पाहिजे.

आधी व्याख्या, मग मोजमाप

‘लोखंड कापसापेक्षा जड असते’ असे आपण म्हणतो. पण एक किलो लोखंड आणि एक किलो कापूस यांचे वजन सारखेच! येथे ‘जड’ म्हणजे वजन की घनता, हे ठरवल्याशिवाय उत्तर देता येत नाही. ‘हुशार’ या शब्दाचेही तसेच आहे.

स्टॅन्ली कोरेन या मानसशास्त्रज्ञाने १९९४ साली कुत्र्यांच्या बुद्धीवर एक पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात त्याने बुद्धीचे तीन प्रकार मानले. पहिली उपजत बुद्धी, म्हणजे ज्या कामासाठी ती जात पैदा केली ते काम करण्याची क्षमता. दुसरी, अडचणीतून स्वतः वाट काढण्याची बुद्धी. तिसरी, माणसाची आज्ञा शिकण्याची आणि पाळण्याची बुद्धी. अमेरिका व कॅनडातील सुमारे २०० परीक्षकांची मते घेऊन त्याने जातींची क्रमवारी लावली. तीत बॉर्डर कॉली पहिला, पूडल दुसरा, जर्मन शेफर्ड (म्हणजेच आपला अल्सेशियन) तिसरा, गोल्डन रिट्रीव्हर चौथा आणि डॉबरमन पाचवा आला. अफगाण हाउंड शेवटचा ठरला. वरच्या गटातील कुत्रे नवी आज्ञा पाचपेक्षा कमी वेळा सांगून शिकतात, असे आढळले.

पण ही क्रमवारी फक्त तिसऱ्या प्रकारच्या बुद्धीची आहे, हे नीट लक्षात ठेवा. शिवाय आपल्याकडील धनगरी किंवा कारवानी कुत्र्यांची त्यात परीक्षाच झालेली नाही.

काम तसा स्वभाव

लांडगा शिकार करतो तेव्हा एकामागून एक पायऱ्या घडतात : सावज हेरणे, टक लावणे, दबकत जाणे, पाठलाग, पकड आणि शेवटी मारणे. कुत्रा लांडग्याच्याच पूर्वजांपासून आला. माणसाने निवड करताना यांतील काही पायऱ्या ठळक केल्या, तर काही दाबून टाकल्या.

बॉर्डर कॉलीमध्ये टक लावणे, दबकणे आणि पाठलाग ठळक आहेत. चावा दाबला आहे. म्हणून तो मेंढरे वळवतो आणि त्यासाठी मेंढपाळाच्या शिट्टीकडे सतत कान देतो. धनगराच्या कुत्र्याचे काम उलटे असते. त्याने मेंढरांमागे धावायचेच नाही. रात्री वाड्याभोवती राहून लांडग्याची चाहूल घ्यायची आणि भुंकून त्याला हुसकायचे. तेथे आज्ञेची वाट पाहत बसला तर कोकरू गेलेच म्हणून समजा! कारवानी किंवा मुधोळ कुत्रा नजरेने सावज टिपून वेगाने धावतो. ससा उठला की मालकाकडे वळून पाहायला त्याला सवड नसते. असे कुत्रे आज्ञापालनात मागे पडले तर तो त्यांच्या बुद्धीचा दोष नव्हे. ते दुसऱ्या कामासाठी घडले आहेत.

मग जात पाहून स्वभाव सांगता येईल का? अमेरिकेत १८,३८५ कुत्र्यांच्या मालकांकडून माहिती घेतलेला एक अभ्यास २०२२ साली प्रसिद्ध झाला. कुत्र्या-कुत्र्यांच्या वागण्यात जो फरक दिसतो, त्यातील जेमतेम ९ टक्के फरकाचा उलगडा जातीवरून होतो, असे त्यात आढळले. बाकीचा त्या त्या कुत्र्याचा स्वतःचा पिंड, त्याचे वय, संगोपन आणि शिक्षण यांवर अवलंबून असतो.

गावठी कुत्र्याची परीक्षा

कोलकात्याच्या ‘आयसर’ संस्थेतील अनिंदिता भद्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रस्त्यावरच्या कुत्र्यांपुढे झाकलेली दोन भांडी ठेवली आणि एकाकडे बोट दाखवले. जे कुत्रे जवळ आले, त्यांपैकी सुमारे ८० टक्के दाखवलेल्या भांड्याकडे गेले. हा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. या कुत्र्यांना कोणीही शिकवले नव्हते!

हा प्रयोग तुम्ही घरच्या कुत्र्यावर करून पाहा. दोन सारख्या वाट्यांना आतून भाकरी चोळा. एकीत तुकडा ठेवा आणि दोन्ही झाका. तुकडा कोणत्या वाटीत ठेवायचा हे नाणेफेकीने ठरवा. मधोमध उभे राहून बोट दाखवा. कुत्रा धरणाऱ्या मित्राने डोळे मिटून घ्यावेत. बर्लिनचा ‘हान्स’ नावाचा घोडा गणिते सोडवतो असे लोक मानत. पण तो विचारणाऱ्याच्या नकळत होणाऱ्या हालचाली वाचत होता, हे १९०७ साली ऑस्कर फुंगस्टने दाखवून दिले.

दहा फेऱ्या बोट दाखवून करा, दहा न दाखवता. न दाखवताही कुत्रा बरोबर जात असेल, तर तो वास घेत आहे. निव्वळ योगायोगाने दहापैकी सहा किंवा अधिक बरोबर येण्याची शक्यता शेकडा ३८ आहे; म्हणून सहावर हुरळू नका. नऊ किंवा अधिक येण्याची शक्यता मात्र शेकडा एकच आहे.

अनोळखी कुत्र्यावर हा प्रयोग करू नका. कुत्रा चावलाच तर जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन लस घ्या.

आता प्रश्न असा विचारू या : ‘कोणत्या कामासाठी हुशार?’ घरी पिलू आणण्यापूर्वीही हाच प्रश्न विचारा. यादीतला तिसरा क्रमांक पाहून आणलेला अल्सेशियन दिवसभर साखळीला बांधला, तर त्याची शिकण्याची हौस भुंकण्यात आणि चिडण्यात खर्च होते. दारातल्या गावठी पिलाला वेळेवर लस, पोटभर भाकरी आणि रोज थोडा वेळ दिलात, तर ते वस्तीची राखण उत्तम करील.