अमळनेरचा शेअर

बारामती-इंदापूरकडच्या मुलांना 'शेअर' हा शब्द दलाल स्ट्रीटच्या आधी साखर कारखान्यामुळे माहीत होतो. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती, यांपैकी एखाद्या कारखान्याचा शेअर घरात असतोच. त्यावर सवलतीची साखर मिळते, वार्षिक सभेला जाऊन बोलता येतं आणि मत देता येतं. शेअर एक असो नाहीतर दहा, मत एकच! डिव्हिडंडला सहकार कायद्याने १५ टक्क्यांची मर्यादा आहे. शिवाय या शेअरचा भाव रोज सकाळी वर-खाली होत नाही. त्यामुळे "माझा शेअर डबल होणार" असं म्हणणारा सभासद मी तरी अजून पाहिलेला नाही.

आमच्या हॉस्टेलच्या मेसमध्ये मात्र असं म्हणणारे रोज भेटतात. या सेमिस्टरला एका कॉम्प्युटर कंपनीच्या शेअरची हवा आहे. (नाव लिहीत नाही. मासिक छापून हातात पडेपर्यंत भाव कुठे असेल कोण जाणे!) एकाने घेतला, त्याने रूम पार्टनरला सांगितलं, पार्टनरने शेजारच्या रूमला. आता ज्याच्याकडे तो शेअर नाही त्याला जेवताना बोलायला विषयच नाही, अशी परिस्थिती आहे. माझ्या इंदापूरकडच्या रूममेटला घरून उसाचं बिल आल्यावर फीचा दुसरा हप्ता पाठवला होता. तो पैसा महिनाभर शेअरमध्ये घालायचा त्याचा बेत होता. मी नको म्हटलं तर तो म्हणाला, "तू अमळनेरचं ऐकलं नाहीस का?"

नव्हतं ऐकलं. मग वाचलं, आणि सबमिशनच्या वहीत मागच्या पानावर हिशेब मांडला. तोच हिशेब इथे उतरवतो आहे.

अमळनेर हे जळगाव जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. साने गुरुजी तिथल्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते. १९४५ च्या डिसेंबरात एम. एच. हाशम प्रेमजी यांनी तिथे वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स नावाची कंपनी काढली. काम काय, तर वनस्पती तूप आणि पुढे कपडे धुण्याचा साबण. १९६६ मध्ये ते वारले, तेव्हा त्यांचा मुलगा अझीम २१ वर्षांचा होता आणि अमेरिकेत स्टॅनफर्डला इंजिनिअरिंग शिकत होता. शिक्षण अर्धवट सोडून तो परत आला. (आपल्यापेक्षा एकाच वर्षाने मोठा!) १९७७-७८ च्या सुमारास आयबीएमने भारत सोडला आणि कॉम्प्युटरच्या बाजारात जागा रिकामी झाली. तुपाच्या कंपनीने १९८० च्या आसपास त्या जागेत पाय टाकला. मूळ नावाच्या आद्याक्षरांवरून आलेलं विप्रो हे नाव तोपर्यंत कंपनीने घेतलं होतं.

गावात कारखाना होता म्हणून अमळनेरच्या कामगारांनी, दुकानदारांनी, शेतकऱ्यांनी विप्रोचे शेअर घेतले होते. तेव्हा हे शेअर कॉम्प्युटर कंपनीचे नव्हतेच, गावातल्या तुपाच्या कंपनीचे होते. पुढे एकमेकांना सांगत राहिले की विकू नका. लग्न निघालं, दवाखाना निघाला, तर थोडे विकायचे, बाकीचे ठेवायचे. मुलांना वारसात जमिनीबरोबर शेअर मिळायला लागले.

आता हिशेब. १९८० साली कोणाकडे १०० रुपये दर्शनी किमतीचा एकच शेअर होता असं धरू. दशकाच्या सुरुवातीला एकास एक बोनस, झाले २. १९८५ ला पुन्हा तसाच, झाले ४. १९८६ मध्ये १०० रुपयांचा शेअर फोडून १० रुपयांचे दहा केले, म्हणजे ४०. १९८७, १९८९, १९९२ आणि १९९५ ला दर वेळी दुप्पट: ८०, १६०, ३२०, ६४०. १९९७ ला एकास दोन बोनस, झाले १,९२०. १९९९ ला १० रुपयांचे २ रुपयांचे पाच केले, ९,६००. पुढे २००४, २००५, २०१० चे बोनस धरले की ९६,०००. त्यानंतर २०१७, २०१९ आणि २०२४ चे धरले तर ५ लाख १२ हजार. एका शेअरचे! कॅल्क्युलेटरवर तीनदा करून पाहिलं.

इथे मेसमधली मंडळी टाळ्या वाजवतात. पण थांबा. भाकरीचे चार तुकडे केले म्हणून पीठ वाढत नाही. शेअर फोडला की एकाचे पाच होतात आणि प्रत्येकाचा भाव पाचव्या हिश्श्यावर येतो. बोनसचंही तसंच, कंपनीच्या साठलेल्या नफ्यातले पैसे भांडवलाच्या खात्यात लिहिले जातात, तुमच्या घरात नवा पैसा येत नाही. मग अमळनेरवाले श्रीमंत कसे झाले? तुकडे होत असताना भाकरीच मोठी होत होती म्हणून. तूप-साबणाच्या धंद्याचं बळ हार्डवेअरला मिळालं, पुढे सॉफ्टवेअरची निर्यात सुरू झाली, नफा वर्षानुवर्षं वाढत गेला. बोनस ही त्या वाढीची पावती होती, वाढीचं कारण नव्हतं. आमच्या हॉस्टेलमध्ये "बोनस येणार आहे" हेच शेअर घ्यायचं कारण सांगतात, तिथे गडबड आहे.

याहून मोठी गडबड पुढे आहे. २००० सालचा फेब्रुवारी महिना आठवा. (आपल्याला आठवणार नाही, सरांना आठवेल.) सॉफ्टवेअरच्या तेजीत विप्रोचा २ रुपये दर्शनी किमतीचा शेअर साडेनऊ हजारांच्या वर गेला. अमळनेरच्या आपल्या माणसाच्या ९,६०० शेअरची किंमत झाली नऊ कोटींच्या वर. त्याच आठवड्यात दुसऱ्या एखाद्या गावात कोणीतरी ही बातमी ऐकून तेच शेअर घेतले. समजा तीन घेतले. साडेनऊ हजारांनी धरले तर २८,५०० रुपये गेले.

पुढे दीड-दोन वर्षांत भाव हजाराच्या आसपास आला. अमळनेरवाल्याचे नऊ कोटींचे एक कोटीच्या आसपास झाले. हळहळला असेल, पण संध्याकाळी नेहमीसारखा जेवला असेल, कारण त्याने मुळात घातले होते किती! दुसऱ्याच्या २८,५०० चे तीन हजार राहिले. त्यानेही समजा अमळनेरचा मंत्र पाळला, विकले नाहीत. तीनचे २००४ ला ९ झाले, २००५ ला १८, २०१० ला ३०, २०१७ ला ६०, २०१९ ला ८०. मुद्दल सुटायला या ८० शेअरना प्रत्येकी सुमारे ३५६ रुपये भाव यायला हवा. तो भाव आला २०२० सालच्या शेवटी. वीस वर्षं! मधला डिव्हिडंड आणि २०१३ मध्ये तूप-साबणाचा धंदा वेगळा काढला तेव्हाचा फरक मी धरलेला नाही, पण वीस वर्षांच्या एफडीचं व्याजही धरलेलं नाही.

कंपनी तीच, मालक तोच, आशा तीच. फरक फक्त घेतानाच्या भावाचा.

हा भाव महाग की स्वस्त हे कसं ओळखायचं? त्यासाठी पी-ई रेशो असतो. शेअरचा भाव भागिले एका शेअरमागे वर्षाचा नफा. फॉर्म्युला सोपा आहे, अर्थ गायीवरून जास्त समजतो. समजा एक गाय वर्षाला चारा, पेंड, डॉक्टर वजा जाता २०,००० रुपये सोडते. ती ८०,००० ला मिळाली तर पी-ई चार, चार वर्षांत पैसे फिटले. तीच गाय कोणी एक कोटीला सांगितली तर पी-ई झाला पाचशे. आता गाय जातिवंत आहे, दूध वाढणार आहे, पुढे कालवडी होणार आहेत, सगळं खरं. तरी आपल्याकडचा कुठलाही शेतकरी दावणीवरून उठून चालू लागेल. २००० च्या फेब्रुवारीत विप्रोचे सुमारे २३ कोटी शेअर होते, म्हणजे अख्ख्या कंपनीची किंमत दोन लाख कोटींच्या वर. वर्षाचा नफा काही शे कोटींचा. पी-ई पाचशेच्या पुढेच जातो. गाय घेताना जे कोणी केलं नसतं ते शेअर घेताना शिकल्यासवरल्या लोकांनी केलं.

आणि ही तर चांगल्या कंपनीची गोष्ट झाली. त्याच तेजीत केतन पारेखच्या आवडत्या शेअरमध्ये पेंटामीडिया ग्राफिक्स, डीएसक्यू सॉफ्टवेअर, सिल्व्हरलाइन होते. त्यांचे शेअर घेणारेही एकमेकांना "विकू नका" असंच सांगत होते. २००१ च्या मार्चमध्ये तो फुगा फुटला. त्या शेअरहोल्डरांच्या गावावर कोणी लेख लिहीत नाही, म्हणून आपल्याला सगळीकडे अमळनेरच दिसतं. सत्यम तर खूप मोठी कंपनी, २००८ च्या सप्टेंबरमध्ये चांगल्या कारभाराचं गोल्डन पीकॉक बक्षीस मिळालेली. ७ जानेवारी २००९ ला अध्यक्षांनीच पत्र लिहून कबूल केलं की ताळेबंदातली पाच हजार कोटींहून जास्त रोकड खोटी आहे. भाव एका दिवसात १७९ च्या आसपासचा ४० वर आला. तिथे पी-ई काढूनही उपयोग नव्हता, कारण नफाच खोटा. अमळनेरकरांना निदान कारखान्याचा भोंगा ऐकू येत होता आणि डिव्हिडंड हातात पडत होता.

उलटं उदाहरणही आहे. इन्फोसिस १९८१ ला आपल्या पुण्यात सुरू झाली. १९९३ च्या फेब्रुवारीत तिने ९५ रुपयांना शेअर विकायला काढले, तर लोकांनी पूर्ण घेतलेसुद्धा नाहीत, मॉर्गन स्टॅन्लेने हात दिला. तेव्हा कुठल्याही मेसमध्ये कोणी त्या शेअरबद्दल बोलत नसणार.

आमच्या मामांकडे इंदापूर तालुक्यात एक पत्र्याची ट्रंक आहे. २००० साली एसटी स्टँडजवळच्या हॉटेलात चहा पिताना मिळालेल्या माहितीवर त्यांनी एका सॉफ्टवेअर कंपनीचे शेअर घेतले होते, एक गाय विकून. ती कंपनी आता बाजारात नाही. मामी त्या कागदांना अजून "आपली गाय" म्हणते. त्याच ट्रंकेत, त्याच पिशवीत कारखान्याच्या शेअरचा दाखलाही आहे आणि त्यावर दिवाळीला साखर येते.

हे सगळं वहीतून रूममेटला वाचून दाखवलं. तो मामांच्या गायीवर हसला, पण मग गप्प झाला आणि म्हणाला, "आपल्या शेअरचा पी-ई काढ." रात्री अकरा वाजता कंपनीचा वार्षिक अहवाल उघडून काढला. १४० आला. दुसऱ्या दिवशी त्याने ऑफिसात जाऊन फी भरली, पावती माझ्या टेबलावर आणून ठेवली आणि स्वतःच्या साठवलेल्या पैशातून दोन हजारांचे शेअर घेतलेच. त्याला तीन आठवडे झाले. शेअर सध्या ११ टक्के वर आहे आणि तो मला रोज जेवताना ऐकवतो.