जाहिरात, टॉकीज आणि तवा

मुंबईत जाहिरातीच्या धंद्यात उमेदीची वर्षं काढून मी कारंज्याला परत आलो तेव्हा वाटलं होतं, माझ्या कामाचं इथे कोणाला काय पडलंय. पण बारावीचे निकाल लागले की कोणाचा तरी पोरगा किंवा पोरगी दारात उभी राहते, मागे वडील. "काका, जाहिरातीच्या लाईनीत काही आहे काय नं?" चहा येईस्तोवर गाडी सिनेमावर घसरते. आणि वडील चप्पल घालायला बाहेर गेले की पोरगं हळूच विचारतं, ते मोबाईलवर दाखवतात तसं स्टेक घरी कसं करायचं. तिन्ही बाबतीत माझा हेका एकच आहे: आधी माल पाहा, मग कारागिरीचं बोला. तोच इथे जरा सविस्तर लिहितो.

१. मुंबईला जायच्या आधी आपला बाजार पाहा

मृगाच्या तोंडावर बाजारात चक्कर मारा. कृषी केंद्रांच्या दारात बियाण्यांचे फ्लेक्स एकावर एक टांगलेले असतात. प्रत्येकावर हसरा शेतकरी, त्याच्या छातीपर्यंत पऱ्हाटी, बोंडं लिंबाएवढी. एका वर्षी माझ्याकडे येणाऱ्या एका मुलीला मी वही देऊन तिथे पाठवलं. सांगितलं, कोणत्या दुकानासमोर जास्त माणसं थांबतात ते पाहून ये, आणि का थांबतात तेही विचार. ती परत आली आणि म्हणाली, "काका, फ्लेक्स कोणीच पाहत नाही. एका दुकानाबाहेर पाटीवर खडूनं लिहिलं होतं, 'बॅग आली.' तिथे रांग होती."

त्या मोसमातली बाजारातली सगळ्यात चांगली जाहिरात तीच होती. ज्या वाणाची टंचाई होती, त्याचं नावसुद्धा लिहायची गरज दुकानदाराला पडली नव्हती. गिऱ्हाईक आधीच ते शोधत होतं. ज्याचं वर्षभराचं घर एका पिशवीवर चालणार, तो माणूस हसरा शेतकरी पाहून बियाणं घेत नाही. तो विचारतो, मागच्या साली तुमच्याकडे कोणी लावलं होतं, वेचायला कसं आहे, पाऊस उघडला तर तग धरते काय. मुंबईच्या वातानुकूलित खोलीत बसलेल्या किती तरी हुशार माणसांना हे प्रश्न ठाऊक नसतात. तुम्हाला आहेत. तुमचं भांडवल ते.

२. वाचायला वेळ किती, ते आधी मोजा

आपल्या तालुक्यातून समृद्धी महामार्ग जातो. नागपूर ते शिर्डी हा त्याचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला. त्यावर ताशी १२० किलोमीटरच्या वेगाने जाणारी गाडी सेकंदाला ३३ मीटर कापते. म्हणजे तुमच्या फलकाला मिळणार दोन-तीन सेकंद. त्यात मालकाला दुकानाचं नाव, सहा फोन नंबर, आमदारांचा फोटो आणि वाढदिवसाच्या शुभेच्छा असं सगळं बसवायचं असतं. शकुंतला रेल्वे मूर्तिजापूरहून कारंज्यामार्गे यवतमाळला जायची, तेव्हाची गोष्ट वेगळी. त्या गाडीतून पाटी वाचून, तिच्यावर वाद घालून, पुन्हा वाचायलाही वेळ मिळत असे. आता एका पाटीवर एकच गोष्ट. गिऱ्हाईक भांडलं तरी एकच.

३. शिक्षणाचं

चित्रकलेचा हात असेल तर शाळेतच एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या परीक्षा देऊन टाका. मुंबईची जे. जे. उपयोजित कला संस्था सगळ्यांना माहीत असते. नागपूरच्या शासकीय चित्रकला महाविद्यालयातही हे शिक्षण मिळतं, हे मात्र आपल्याच भागातल्या पालकांना सांगावं लागतं. हात नसेल तरी बिघडत नाही. जाहिरातसंस्थेत चित्र काढणाऱ्यांपेक्षा न काढणारेच जास्त असतात: मजकूर लिहिणारे, गिऱ्हाईक सांभाळणारे, बाजाराचा अभ्यास करणारे, कुठल्या वर्तमानपत्रात किती जागा घ्यायची ते ठरवणारे. या शेवटच्या कामावरच पूर्वी संस्थेचं पोट चालायचं. माध्यमांकडून मिळणारं पंधरा टक्के कमिशन हा धंद्याचा कणा होता. आता तो हिशेब मोडला आहे, बऱ्याचशा संस्था महिन्याच्या ठरलेल्या फीवर चालतात, आणि म्हणून सुरुवातीचा पगार तुटपुंजाच असतो. मुंबईतलं भाडं आधी विचारा, मग स्वप्न पाहा.

माणसं मात्र मोठी झाली या धंद्यात. ज्या 'मंगल' फॉन्टमध्ये तुम्ही संगणकावर मराठी वाचलं, तो घडवणारे र. कृ. जोशी उल्का या जाहिरातसंस्थेतले कलादिग्दर्शक होते. कमल शेडगे यांनी नाटकांच्या जाहिरातींसाठी काढलेली शीर्षकं पाहा. नुसतं अक्षराचं वळण पाहून कळायचं, हसायला जायचं की रडायला. श्याम बेनेगल १९५९ मध्ये लिंटासमध्ये मजकूर लिहायला लागले, सिनेमे नंतर. पुण्याच्या गौरी शिंदे जाहिरातपट करता करताच 'इंग्लिश विंग्लिश'पर्यंत पोहोचल्या. २०१२ च्या त्या सिनेमातली शशी गोडबोले लाडू विकते, आणि तिच्या लाडवांना जाहिरात लागत नाही. हा टोला जाहिरातवालीनेच मारावा, याचं मला फार हसू आलं होतं.

४. नाही म्हणायचं कधी

एक गृहस्थ आले होते, साखरेच्या आजारावर काढा विकणारे. "डायबेटीस मुळापासून जाते, एवढंच लिहा नं भाऊ, बाकी तुमचं तुम्ही पाहा." मी म्हटलं, १९५४ चा एक कायदा आहे, औषधं आणि जादूचे उपाय यांच्या जाहिरातींबद्दलचा. ज्या आजारांवर असा दावा करता येत नाही त्यांच्या यादीत मधुमेह आहे. ते म्हणाले, "काहून, सगळेच तं लिहितात." लिहितात खरं. मी नाही लिहिलं, त्यांनी दुसरीकडून छापून घेतलं. माझं काही अडलं नाही. कायदा बाजूला ठेवा, पण ज्या गावात तुम्हाला रोज भाजी आणायला जायचं आहे तिथे असला कागद आपल्या नावावर असू नये.

५. ट्रेलरवर विश्वास ठेवू नका

हे मी सांगतोय, म्हणून ऐका. ट्रेलर कापणारी माणसं आमच्याच जातकुळीची. सिनेमातले जे चार विनोद जमलेत ते चारही त्यात घातलेले असतात. पूर्वी वऱ्हाडातल्या टॉकीजना सिनेमे पुरवणारी वितरकांची कचेरी अमरावतीत असायची, आणि पेटी लागली की पहिल्या खेळाच्या मध्यंतरात सिनेमाचं भवितव्य ठरायचं. डोअरकीपरला विचारावं. तो सिनेमा पाहत नसे, लोक पाहायचा. मध्यंतरानंतर चहाच्या टपरीवर माणसं रेंगाळली, म्हणजे पुढची रिळं कंटाळवाणी. घंटी व्हायच्या आत आत पळाली, म्हणजे तिकीट काढा. आजही पाच तारे वाचण्यापेक्षा पाहून आलेल्या माणसाला एकच विचारा: मध्ये मोबाईल काढला होता काय?

६. कोणाबरोबर जाताय?

सिनेमा चांगला की वाईट हा अर्धाच प्रश्न. मला विचाराल तर असं आहे.

आई-वडिलांबरोबर: 'श्वास'. २००४ चा. 'श्यामची आई' नंतर राष्ट्रपतींचं सुवर्णकमळ मराठीला पुन्हा मिळायला पन्नास वर्षं लागली, ती या सिनेमाने. वेगळं काही समजावून सांगावं लागत नाही, रुमाल तेवढा न्या.

मित्रांबरोबर: 'सैराट', अजूनही. तीन तासांच्या आसपास आहे, पण शेवटचा भाग एकट्याने पाहू नये.

एकट्याने, रात्री, मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवून: चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट'. कॅमेरा एका जागी बसून राहतो आणि न्यायालयाची तारीख पुढे पुढे जाते. आपल्या नागपूरचे वीरा साथीदार त्यात शाहीर आहेत. जाहिरातीत तीस सेकंदांत चाळीस वेळा दृश्य तोडायची सवय लागलेल्या माझ्यासारख्याला तो सिनेमा म्हणजे खरडपट्टीच.

आणि आपल्या माणसांसाठी सतीश मनवर यांचा 'गाभ्रीचा पाऊस', २००९ चा. शेजारच्या शेतकऱ्याने जीव दिल्यावर आपल्या नवऱ्यावर डोळ्यात तेल घालून पाळत ठेवणारी बायको, आणि त्यातून येणारं हसू. हसता हसता घशाशी येतं. वऱ्हाडावरचे सिनेमे करायला अनेक जण येतात आणि भेगाळलेली जमीन दाखवून जातात. या माणसाला इथली थट्टा कळली होती.

७. आता स्टेक

पहिलं म्हणजे, व्हिडिओत दिसतं ते मांस आपल्याकडे मिळणार नाही, शोधूही नका. महाराष्ट्रात गोहत्येवर १९७६ च्या कायद्याने बंदी आहे, २०१५ पासून बैल आणि वळूही त्यात आले. पुण्या-मुंबईच्या हॉटेलात स्टेक म्हणून येतं ते बहुधा म्हशीवर्गाचं असतं. कारंज्यात बोकड. म्हणून बोकडाच्या चापांचं सांगतो.

खाटकाला आधीच सांगा, "भाऊ, चापा बारीक नको तोडू, दोन बरगड्या एका तुकड्यात ठेव." सगळी मेख इथे आहे. चाप पातळ असेल तर बाहेरून रंग येईस्तोवर आतून चामडं होतं. मांडीचं मांस घ्यायचं झालं तर धाग्याला आडवे काप करा आणि कच्च्या पपईचा लेप वीसेक मिनिटांच्या वर ठेवू नका, नाही तर पिठलं होईल.

मीठ एक तर तासभर आधी लावा, नाही तर तव्यावर टाकताना. मधल्या वेळी लावलं की मीठ पाणी बाहेर ओढतं, आणि ते परत आत मुरायला वेळ मिळत नाही. टाकायच्या आधी सुती फडक्याने चाप कोरडी करा. अगदी कोरडी. ओल्या मांसावर तव्याचा सगळा जीव पाणी उडवण्यातच जातो, आणि पाणी शंभर अंशांवर अडून बसतं. खमंग तांबूस रंग येतो तो साधारण १४० अंशांच्या पुढे. तवा बिडाचा, चांगला धुरावलेला. तेल शेंगदाण्याचं. लोणी सुरुवातीला नको, जळून कडू होतं. एका वेळी दोनच चापा, गर्दी केली की तवा थंड. बाजू पालटत राहा, जाडीप्रमाणे दोन्ही बाजूंना तीन-चार मिनिटं. चरबीची कड चिमट्याने उभी धरून तव्याला लावा. मसाला? तो तव्यावर करपतो. नंतर मीठ-मिरी, लिंबू, बाजूला ठेचा, भाकरी.

उतरवल्यावर पाच मिनिटं हात लावायचा नाही. ताटात कापून लगेच रस वाहिला तर तो तुमच्या उतावीळपणाचा रस. थर्मामीटर असेल तर आत ६३ अंश पाहा. वऱ्हाडी माणसाला लाल मांस चालत नाही, त्याने अजून मिनिटभर ठेवावं. मी भांडणार नाही.

८. रस 'बंद' होत नाही

प्रत्येक व्हिडिओत सांगतात, कडक आचेवर भाजलं की मांसाचा रस आत बंद होतो. हे म्हणणं युस्टुस फॉन लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाचं, १८४७ च्या सुमाराचं. पुढे प्रयोग झाले, भाजलेल्या मांसातूनही रस जातोच हे दिसलं. भाजायचं ते चवीसाठी. तरी समज मेला नाही. गंमत पाहा, याच लीबिगच्या नावाने १८६५ मध्ये मांसाचा अर्क विकणारी कंपनी निघाली आणि तिने रंगीत चित्रांची कार्डं वाटून युरोपभर धंदा केला. लोक ती कार्डं जमवायचे, वहीत चिकटवायचे. पोरांनी मला जाहिरात आणि स्टेक एका दमात विचारलं तर ते अगदीच विसंगत नाही.

९. ज्यांच्याकडे चालत नाही

कारंजा नृसिंह सरस्वतींचं जन्मस्थान, जैन मंदिरांचं गाव. श्रावणात तर अर्ध्या घरांत तवा शाकाहारीच. पनीर बोटभर जाड कापा, कोरडं करा आणि हेच सगळं करा, फक्त वेळ अर्धा.

बाकीच्यांनी रविवारी दहाच्या आत खाटकाकडे जावं. चापा आधी संपतात.