आधी कोर पाह्य

दुकान आता तुझ्या हाती आलं, बाबू. पट्टी कापणं, कोपरे जुळवणं, काच बसवणं तुला येतं, त्यात मी सांगावं असं काही उरलं नाही. गजानन महाराज, लग्नाचे फोटो, सेवानिवृत्तीची सन्मानपत्रं यांच्यावर आपलं दुकान चालतं आणि पुढेही चालेल. पण अधूनमधून एखादं गिऱ्हाईक जुन्या वस्तीतून वेगळंच काही घेऊन येतं. नाहीतर अमरावतीचा कुणी वाडा पाडताना माळ्यावर सापडलेलं बाड उचलून बडनेऱ्याला आणतो. त्या बाडात काळ्या बारीक रेषांचं इंग्रजी राजा-राणीचं चित्र निघतं. सिंहासन, भालदार, गुडघे टेकून काही मागणारी बाई आणि खाली वळणदार इंग्रजी अक्षरं. घरच्यांना ते ठेववत नाही आणि फेकवतही नाही. अशा कागदाशी कसं वागायचं ते माझ्या मामांनी मला शिकवलं. तेच तुला सांगतो, नीट ऐक.

मामांचं पहिलं वाक्य हे: "आधी कोर पाह्य, मंग चित्र पाह्य."

कोर म्हणजे चित्राच्या चारी बाजूंचा रिकामा कागद. फ्रेमवाल्याचा हात आधी तिथेच जातो, कारण ती मळलेली, कुरतडलेली असते आणि कापली की चित्र तयार फ्रेमच्या मापात बसतं. तिला कात्री लावायची नाही. फ्रेम चित्राच्या मापाची करायची. गिऱ्हाईक म्हणेल, कापून टाका, काय होते? त्याला बसव, चहा पाज आणि कोरेत काय असतं ते दाखव.

कागद खिडकीशी तिरपा धर. चित्राभोवती चौकोनी दबलेली खूण दिसेल, बोटाच्या पेरानं हलकेच कळेलही. ती तांब्याच्या पत्र्याची कड. तांब्याच्या पत्र्यावर कोरणीनं रेषा खोदायच्या, रेषांत शाई भरायची, वरची शाई पुसायची आणि ओलसर कागद त्यावर ठेवून दाबाच्या यंत्रातून काढायचा, असं ते काम. कागद दाबानं रेषेत शिरतो आणि शाई वर घेऊन येतो, म्हणून अशा छापाची रेष कागदावर किंचित उभी असते. आपल्याकडच्या घरांत असतात ती रविवर्मा प्रेसची चित्रं दगडावरची. तो छापखाना 1894 साली मुंबईत गिरगावात निघाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. त्या चित्रांना अशी दबलेली चौकट नसते. पण एक ध्यानात ठेव, पत्र्याची खूण दिसली नाही म्हणून चित्र खोटं ठरत नाही. आधीच्या कुणीतरी कोर कापली असेल. बहुतेक वेळा तेच झालेलं असतं.

मग भिंग घे आणि चित्राखालची अगदी बारीक ओळ वाच. डाव्या कोपऱ्यात मूळ चित्र काढणाऱ्याचं नाव आणि पुढे 'पिंक्स' किंवा 'डेल', उजव्या कोपऱ्यात पत्रा कोरणाऱ्याचं नाव आणि पुढे 'स्कल्प'. मधोमध प्रकाशकाचं नाव, लंडनमधली गल्ली आणि तारीख. ही तारीख उगाच घातलेली नाही. विल्यम होगार्थ आणि त्याच्या बरोबरीच्या कारागिरांनी चोरून छापणाऱ्यांना कंटाळून संसदेकडे अर्ज केला आणि 1735 साली कायदा करून घेतला. पत्र्यावर नाव आणि प्रसिद्धीची तारीख असली तर चौदा वर्षं दुसऱ्यानं त्याची नक्कल करायची नाही. म्हणून अठराव्या शतकातल्या छापांत ही ओळ सापडते, आणि फ्रेमवाल्याच्या कात्रीखाली पहिली जाते तीही हीच.

आता तारखेवर भाळायचं नाही. तारीख पत्र्याची असते, कागदाची नव्हे. तांब्याचा पत्रा पन्नास वर्षांनीही छापता येतो. रेषा झिजलेल्या, सावल्या फिकट, चेहरे सपाट दिसले तर छाप उशिराचा. कागद उजेडासमोर धर. एकमेकींना खेटून असलेल्या समांतर रेघा आणि त्यांना छेदणाऱ्या सुमारे इंचभर अंतरावरच्या रेघा दिसल्या तर तो जुन्या जाळीचा कागद. सलग, बिनरेघी कागद इंग्लंडात 1750च्या दशकात निघाला आणि शतकाच्या अखेरीस सर्रास झाला. कागदात कुठे जलचिन्ह दिसलं तर ते वाचून लिहून ठेव. 1794 पासूनच्या इंग्रजी कागदात पुष्कळदा सालच उमटवलेलं असतं. पत्र्यावर 1790 आणि कागदात 1810 असं निघालं तर मालकाला तसंच सांगायचं, वाईट वाटलं तरी.

ठिपक्यांची चित्रं फसवतात. वर्तमानपत्रातला फोटो भिंगाखाली धरलास तर ठिपके ओळीनं, कवायतीला उभे केल्यासारखे दिसतात. ती एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाकडची छपाई. पण 1770-80 च्या सुमारास लंडनमध्ये हातानं ठिपके टोचून चित्रं करायची पद्धत फार चालली होती. त्यात गालावरचे ठिपके बारीक आणि दाट, कपड्यावर रेषा, केसांत दोन्ही मिसळलेलं, आणि कुठेही सरळ रांग नाही. विल्यम रायलंड हा त्या कामातला पट्टीचा माणूस, तिसऱ्या जॉर्ज राजाचा नेमलेला कोरक्या. अँजेलिका कॉफमनच्या चित्रांवरून त्यानं पत्रे कोरले. चौथ्या एडवर्ड राजापुढे आपल्या जमिनीसाठी विनवणी करणारी लेडी एलिझाबेथ ग्रे हे त्यांतलंच एक. पुढे हुंडीवर बनावट सही केल्याच्या आरोपावरून 1783 साली त्याला फाशी दिलं. इतका हातखंडा कारागीर असा गेला, हे वाचलं तेव्हा मला फार वाईट वाटलं. त्याच्या हातचा एखादा छाप कधी आपल्या टेबलावर आला तर त्याचं नाव कोरेत असेल, एवढ्यासाठीही कोर राख.

तिसरी एक जात आहे. तिच्यात रेषाच नसते, सगळा अंधार मखमलीसारखा आणि त्यातून चेहरा उजळलेला. आधी सगळा पत्रा दातेरी अवजारानं खरबरीत करायचा आणि जिथे उजेड हवा तिथे घासून गुळगुळीत करायचा. असा पत्रा लवकर झिजतो, चांगले छाप थोडेच निघतात. त्यावर बोट फिरवायचं नाही, काळं हाताला येतं. आणि रेषा फारच बारीक, करडी, थंड वाटली तर पत्रा पोलादाचा समज. तो प्रकार 1820 नंतरचा. आपल्या भागात 'अठराव्या शतकातलं' म्हणून जे दाखवायला येतं, त्यातलं बरंचसं हे व्हिक्टोरियाच्या काळातलं असतं, पुस्तकातून फाडलेलं. एका कडेला शिवणीची भोकं दिसली की समजून जा.

त्या काळी ह्या राजांच्या चित्रांचा धंदा केवढा होता! डेव्हिड ह्यूमचा इंग्लंडचा इतिहास 1754 पासून निघाला आणि घरोघरी वाचला गेला. रॉबर्ट बोयर नावाच्या चित्रकार-प्रकाशकानं 1790च्या दशकात त्याची थोरली सचित्र आवृत्ती काढायला घेतली. नावाजलेल्या चित्रकारांकडून तैलचित्रं करवून घेतली, ती लंडनच्या पॅल मॉलमध्ये मांडली आणि त्यांवरून पत्रे कोरवले. त्याच्या आधी 1789 साली जॉन बॉयडेलनं शेक्सपिअरच्या नाटकांचं दालन तिथेच उघडलं होतं, त्यातही रिचर्ड आणि हेन्री राजे होतेच. मग फ्रान्सशी लढाई जुंपली. युरोपात छापे जाईनात. पैसा पत्र्यांत आणि कोरक्यांच्या मजुरीत अडकलेला. शेवटी दोघांनाही चित्रं लॉटरीनं काढावी लागली.

आता गिऱ्हाईक एक प्रश्न हमखास विचारतं: "साहेबाच्या राजाचं चित्र आपण कायले जपाचं?" ह्या प्रश्नावर त्याला गप्प करायचं नाही, कारण प्रश्न रास्त आहे. ज्या वर्षांत लंडनमध्ये हे पत्रे कोरले जात होते, त्याच वर्षांत इंग्रज फौजा घेऊन इकडे येत होते. 15 डिसेंबर 1803 ला इंग्रज सेनापती वेलस्लीच्या फौजेनं आपला गाविलगड घेतला. स्वतःच्या राजांच्या गोष्टी चित्रांत कोरून, छापून, दुकानांतून विकणारे लोक कोण होते, कसा विचार करत होते, हे त्या कागदावर दिसतं. आणि तिथेच एक मोठी गोष्ट शिकायला मिळते. जॉन राजा 1215 साली रनीमीडला सनद देतो आहे, हे चित्र काढणारा पाचशेहून जास्त वर्षांनी जन्मला होता. पोशाख, चेहरे, हात वर करायची ऐट, सगळं नाटकाच्या रंगमंचावरून घेतलेलं. घटनेचा पुरावा म्हणून ते चित्र दाखवायचं नाही. काढणाऱ्याच्या काळाचा पुरावा म्हणून बघायचं.

हे आपल्यालाही लागू आहे, म्हणून सांगतो. पेशव्यांच्या दरबारात इंग्रज वकील मॅलेट 1790 चा तह करतो आहे, ते भव्य चित्र तू पुस्तकांत पाहिलं असशील. सवाई माधवराव, नाना फडणवीस, सगळे बसलेले. ते थॉमस डॅनिएलनं 1805 साली रंगवलं. तो त्या दरबारात नव्हता. चित्राला आधार जेम्स वेल्स नावाच्या स्कॉटिश चित्रकाराच्या कामाचा. हा वेल्ससुद्धा मुंबईत उतरला 1791 साली, म्हणजे तहानंतर. पण त्यानं पुण्यात राहून नानांना आणि पेशव्यांना समोर बसवून चित्रं काढली होती, म्हणून चेहऱ्यांवर विश्वास ठेवता येतो. प्रसंगाची मांडणी मात्र नंतरची. वेल्स 1795 साली वारला आणि पुढे मॅलेटनं त्याच्या मुलीशी लग्न केलं. चित्रात कुणाला मध्ये बसवलं, कुणावर उजेड पाडला, हे बघताना हा घरचा संबंधही ध्यानात असू दे.

आणि कोरणीचं काम काही फक्त साहेबाचं नव्हतं. वेल्सच्या पुण्यातल्या चित्रशाळेत गंगाराम तांबट हाताखाली शिकला आणि त्यानं वेरूळची लेणी काढली. नाना फडणवीसांच्या मनात भगवद्गीता तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापायची होती. नाना 1800 साली गेले, पण काम बुडालं नाही. मिरजेच्या पटवर्धनांकडे ते तडीस गेलं आणि 1805 साली गीता छापून निघाली. तीच कोरणी, तेच तांबं, तोच दाब. आपल्या तांबट आळीच्या हातांनी हे केलं, हे गिऱ्हाइकाला अभिमानानं सांगत जा. इंग्रजी छापाकडे मग तो परका म्हणून बघत नाही, कारागिराचं काम म्हणून बघतो.

आता जपणुकीचं. आपला वऱ्हाडातला उन्हाळा पंचेचाळिसाच्या घरात जातो आणि श्रावणात भिंती घाम धरतात. कागद उन्हाळ्यात आक्रसतो, पावसात फुगतो. म्हणून असा कागद पुठ्ठ्यावर सगळीकडून चिकटवायचा नाही, पहिल्याच पावसाळ्यात लाटा येतील. वरच्या कडेला मागून दोन छोट्या बिजागऱ्या, पातळ हातकागदाच्या, गव्हाच्या साध्या खळीनं लावायच्या आणि बाकी कागद मोकळा लोंबू द्यायचा. खळीत मोरचूद घालायची आपली जुनी सवय आहे, कीड लागू नये म्हणून. ह्या कामाला ती नको. मोरचुदात तांबं असतं आणि तांबं कागदाला आतून खातं. सेलोटेप तर मुळीच नको. त्याचा डिंक कागदात उतरतो आणि पिवळा पट्टा कायमचा राहतो.

काचेला कागद टेकू द्यायचा नाही. मध्ये माउंट हवाच, आणि माउंटचा पुठ्ठा आम्लरहित घ्यायचा. मुंबई-पुण्याहून मागवावा लागेल, महाग पडेल, गिऱ्हाइकाला आधी भाव सांग. स्वस्त पुठ्ठ्यानं चित्राभोवती तपकिरी चौकट उमटते, जुन्या फ्रेमा उघडल्यास की दिसेल. मागे वर्तमानपत्र भरायचं नाही, प्लायवूडही नाही. तपकिरी डाग दिसले म्हणून ब्लीच लावायला किंवा उन्हात घालायला कुणी सांगितलं तर हात जोड. मोठी फाट, बुरशी, मागचा पुठ्ठा घट्ट चिकटलेला, अशा कामाला आपण हात लावायचा नाही. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात संवर्धन केंद्र आहे, तिकडची वाट दाखवायची. रंग भरून द्या म्हणतील, तेही नको. काही छाप त्या काळीच हातानं रंगवून विकत. कोरा राहिला तो कोराच राहू दे.

टांगायला पश्चिमेची बाहेरची भिंत नको, देवघराजवळची नको, निरांजनाची काजळी बसते. फ्रेमच्या खालच्या दोन कोपऱ्यांना मागून बुचाचे तुकडे लाव, म्हणजे भिंत आणि फ्रेममध्ये हवा खेळते. पाऊस सुरू झाला की खाली उतरवून मागची बाजू बघायला सांग. वाळवी खिळ्याच्या भोकातून येते, पुढून काही दिसत नाही. कसर लागू नये म्हणून कडुनिंबाचा पाला किंवा वेखंड कपाटात ठेवलेलं चालेल, फ्रेमच्या आत नको.

किंमत विचारली तर आकडा बोलायचा नाही. ब्रिटिश म्युझियमची सूची आता मोबाइलवर दिसते. कोरेतली नावं आणि पत्र्याचं माप सेंटिमीटरमध्ये घेऊन त्यात जुळवून दे, पुढचं मालक बघेल. शंभर वर्षांपेक्षा जुनी कलावस्तू परवान्याशिवाय देशाबाहेर पाठवता येत नाही, 1972 चा कायदा आहे, हेही कानावर घाल.

फ्रेम परत देताना एक चिठ्ठी लिहायची, पेन्सिलनं. चित्र कुठल्या घरातून आलं, त्या घरात कुणी आणलं असं सांगतात, वाडा कुठला, तारीख. मालकाला जे ठाऊक आहे तेवढंच, आपल्या मनचं काही नाही. ती पाकिटात घालून मागच्या पुठ्ठ्याच्या बाहेर लाव. आणि जुन्या फ्रेमच्या मागे एखाद्या दुकानाची छापील चिठ्ठी डकवलेली असेल तर ती भिजवून काढायच्या भरीस पडू नकोस. तेवढा लाकडाचा तुकडा करवतीनं कापून घे आणि चित्रासोबत मालकाच्या हाती दे.