मातीची नवी सोयरीक

मुलांनो, ऐन वैशाखात काळ्या रानातून चालत गेलात, तर जमिनीला पडलेल्या रुंद भेगा तुम्हांस दिसतात. मृगाच्या सरी कोसळल्या, की तीच जमीन पाणी पिऊन फुगते आणि भेगा मिटून जातात. असे का बरे होते?

आपले दख्खनचे पठार ज्वालामुखीच्या लाव्हारसापासून बनले आहे. त्याचा काळा पाषाण युगानुयुगे झिजला व त्याची काळी माती झाली. ह्या मातीत माँटमोरिलोनाइट नावाचे खनिज पुष्कळ असते. त्याची रचना जुन्या पोथीसारखी आहे. सुट्या पानांवर पाने रचावीत, तसे त्याचे थर एकावर एक असतात. एकेका थराची जाडी मीटरच्या सुमारे अब्जाव्या भागाइतकी! पानांच्या मध्ये पाणी शिरले, की पोथी फुगते. पाणी आटले, की ती मिटते. केवळ एक ग्रॅम खनिजाची सगळी पाने पसरली, तर कबड्डीची पाच मैदाने झाकतील.

ह्याच जातीच्या मातीला बाजारात बेंटोनाइट म्हणतात. गुजरातेतील कच्छ भागात तिच्या खाणी आहेत. कारखान्यांत लोखंडाचे ओतकाम करताना वाळूचे साचे लागतात. कोरडी वाळू मुठीत टिकत नाही. परंतु तीत थोडे बेंटोनाइट व पाणी मिसळले, की साचा तापलेल्या रसाचा मारा सोसतो. पिंपरी-चिंचवड व चाकण ह्या भागांत तयार होणाऱ्या मोटारींचे कितीतरी भाग अशा ओतकामातूनच घडतात.

आता दुसऱ्या सोयऱ्याची ओळख करून घेऊ. अनेक लहान रेणू एकमेकांस जोडले जाऊन जी लांब साखळी होते, तिला बहुवारिक म्हणतात. नायलॉन व प्लॅस्टिक ही बहुवारिकेच होत. काही साखळ्या सुताच्या धाग्यासारख्या सरळ असतात, तर काहींना वडाप्रमाणे फांद्या फुटतात. आपल्या भाकरीतील पिष्टातही हे दोन्ही प्रकार आढळतात; त्यातील फांद्यांच्या प्रकारास अमायलोपेक्टिन म्हणतात.

मातीत काड व शेण कालवून भिंत लिंपली, तर ती तडकत नाही, हे आपल्या आजीला ठाऊक होते. शास्त्रज्ञांनी हीच युक्ती रेणूंच्या पातळीवर योजिली. जपानमधील टोयोटा कंपनीच्या संशोधकांनी नायलॉनमध्ये ह्या मातीचे शेकडा सुमारे पाच भाग मिसळले आणि तिची पाने सुटी सुटी करून सर्वत्र पसरविली. भार ठेवला असता साधे नायलॉन सुमारे 65 अंश सेल्सियसला वाकू लागते. हे नवे नायलॉन 140 अंशांच्या पुढेही टिकले. विसाव्या शतकाच्या अखेरीस त्याचा उपयोग मोटारीच्या इंजिनातील एका पट्ट्याच्या आवरणासाठी झाला. धातूऐवजी असा हलका भाग वापरला, की गाडीचे वजन घटते व इंधन वाचते.

फांद्यांच्या बहुवारिकांचा गुण आणखी वेगळा आहे. प्रत्येक फांदीला शेवट असतो, आणि त्या शेवटाला हवा तो रासायनिक गट जोडता येतो. मातीच्या पानांवर ऋण विद्युतभार असतो. म्हणून धन भाराचे गट असलेले फांद्यांचे रेणू पानांना चिकटून बसतात. त्यांच्या उरलेल्या फांद्या पाण्यातील तांबे, शिसे अशा धातूंचे कण किंवा काही रंग धरून ठेवू शकतात. माती घर देते, फांद्या हात देतात.

ह्या ज्ञानाची गरज आपल्या दाराशीच आहे. पिंपरी-चिंचवडमधून पवना वाहते, आळंदीवरून इंद्रायणी. अलीकडच्या काळात इंद्रायणीच्या पाण्यावर पांढरा फेस तरंगताना यात्रेकरूंनी अनेकदा पाहिला आहे. पुण्याजवळ पाषाण येथे 1950 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत बहुवारिकांवर संशोधन होते. परंतु कोणतेही नवे द्रव्य नदीला एकट्याने वाचवू शकत नाही. गाळणीने धरलेली घाणही शेवटी कोठेतरी ठेवावी लागते! म्हणून सांडपाणी नदीत सोडण्यापूर्वीच शुद्ध करणे हाच पहिला उपाय होय.

पायाखालची माती आपण रोज तुडवितो. तिच्याकडे जो नीट पाहील, त्यालाच तिचे गुण कळतील. तो जिज्ञासू उद्या तुमच्यापैकीच कोणी का असू नये?

शब्दार्थ : पिष्ट – धान्यातील पांढरा सत्त्वांश. सोयरा – नातलग. जिज्ञासू – जाणून घेण्याची इच्छा असणारा.

स्वाध्याय
1. काळ्या जमिनीला उन्हाळ्यात भेगा का पडतात?
2. मातीच्या थरांना लेखकाने कशाची उपमा दिली आहे? ती का योग्य वाटते?
3. ‘माती घर देते, फांद्या हात देतात’ ह्या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.
4. आपल्या गावच्या नदीत अथवा ओढ्यात कोणते पाणी मिसळते, ते वडीलधाऱ्यांस विचारून दहा ओळी लिहा.